बचनागाला आवतण

एका राज्यात, ज्याची वेस कुठं होती हे आता तिथल्या नदीलाही सांगता येणार नाही, चहूकडून औषधींचं रान होतं. शतावरी होती, अनंतमूळ होतं, अश्वगंधा होती, सर्पगंधा होती; गुळवेल तर झाडाझाडांवर चढून बसलेली. त्या रानाला कान होते आणि वाचाही होती. तिथल्या माणसांना त्याचं नवल वाटत नसे. नवल वाटायचं ते परराज्यातल्या पाहुण्याला, आणि तोही एकदा गुळवेलीशी बोलला की गप्प बसायचा.

त्या राज्याची एक रीत होती. घरात दुखणं आलं, तर आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं. बुंध्याशी हळदीच्या अक्षता वाहायच्या, हात जोडायचे आणि म्हणायचं, "आमच्या घरी दुखणं आहे. उद्या सकाळी यावं. वंश मागं ठेवून यावं." याला म्हणत आवतण. मग सकाळी परत जायचं. झाडानं होकार दिला तर हवं तेवढंच घ्यायचं, थोडी मुळी मातीत राहू द्यायची, माती सारखी करायची आणि घरी यायचं. जुन्या काळी घरचा कर्ता स्वतः जात असे. पुढं कर्ते आळसावले, वैद्यच सगळ्यांची आवतणं देऊ लागले, आणि झाडांनी तेही चालवून घेतलं. झाडं मोठ्या मनाची होती.

या राज्याचा राजा भीमकेतू. शूर होता, उदार होता, पण कुणाकडं काही मागणं त्याच्या जिभेला ठाऊक नव्हतं. जन्मल्यापासून त्यानं फक्त हुकूम सोडले. पहिल्यांदा रडला तेव्हासुद्धा त्यानं सुइणीला हुकूमच सोडला असणार.

एके दिवशी राजानं फणसाचे गरे खाल्ले. किती खाल्ले ते विचारू नका. राजाच्या पानाकडं बघत कोण बसणार? पोटात शूळ उठला. राजवैद्य अनंतभट धावत आले. नाडी पाहून म्हणाले, "महाराज, सुंठ आणि ओवा आत्ता घ्यावा. मुळी उद्या आणतो. आज तिला आवतण देऊन येतो."

"राजा आवतण देत नाही," भीमकेतू पोट धरून म्हणाला. "राजा हुकूम देतो."

हुकूम सुटला. फौज कुदळी आणि पहारी घेऊन रानात शिरली. जे हाताला लागलं ते मुळासकट उपटलं. रान ओरडलं, त्यानं विनवण्या केल्या, पण शिपायांनी कानांत बोळे घातले होते. गाडे भरभरून मुळ्या राजवाड्यात आल्या. राजानं खजिन्यातलं सोनं बाहेर काढून ओसरीवर टाकलं आणि त्या जागी मुळ्या भरून कुलूप ठोकलं. "आता या राज्याचं औषध माझ्या मुठीत," तो म्हणाला आणि मिशीवर ताव दिला. शूळ तोवर सुंठीनंच थांबला होता, पण ते सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी भर दरबारात कांतार नावाची जोगीण आली. केसांत शेवाळ, हातात वाळकी डहाळी. तिनं मुजरा केला नाही.

"राजा, तू मुळं उपटलीस. आता तूच मूळ धर."

एवढं बोलून ती गेली. राजा खो खो हसला. मग उठायला गेला, तर त्याच्या पायांच्या नखांची साल झाली होती. खरीखुरी, खरबरीत, बाभळीच्या खोडाला असते तशी साल.

साल वर चढू लागली आणि दरबारातला जो तो वैद्य झाला. कुणी म्हणालं एरंडेल चोळा, कुणी म्हणालं लसणाची माळ घाला. प्रधानजींनी तर मोठी युक्ती काढली. "महाराज, थोड्या औषधानं माणूस हळू बरा होतो. तेव्हा पुष्कळ औषधानं झटपट होईल." राजाला ते पटलं. खजिना उघडला, सगळ्या मुळ्यांतली मूठमूठ घेऊन एकत्र काढा उकळला आणि राजानं तो तांब्यामागून तांब्या रिचवला. पण न विचारता आणलेल्या मुळ्या आपला गुण रानातच ठेवून आल्या होत्या. बरोबर आणलं होतं ते फक्त विष. राजा तडफडला, ओकला, आणि साल गुडघ्यावरून एका झपाट्यात कमरेला आली. अनंतभटांनी कपाळावर हात मारून घेतला.

हे सगळं राजकन्या हेमावती बघत होती. भीमकेतूची ती एकुलती एक लेक. आई गेली तेव्हा ती रांगत होती. दासी पुष्कळ होत्या, पण राजानं लेकीला स्वतःच वाढवलं. तो तिच्या वेण्या घाली, त्या वाकड्या होत, आणि हेमावती त्या वाकड्या वेण्या मिरवत गावभर हिंडे. जरा मोठी झाल्यावर ती अनंतभटांच्या खलबत्त्याशी जाऊन बसू लागली. वासावरून मुळी ओळखे. स्वतःवर तिचा फार विश्वास होता, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरत असे. बापाचा तिला राग आला होता. पण त्याच्यावाचूनचं घर तिला डोळ्यांपुढं आणवेना.

"मी जाते," ती म्हणाली.

"कुठं?" प्रधानजींनी विचारलं.

"शाप जिथून आला तिथं."

अक्षतांची पुरचुंडी आणि एक खुरपं घेऊन ती निघाली. उजाड रान ओलांडून डोंगरापाशी आली. तिथं देवराई होती. देवराईत शिपाई शिरले होते, पण लगेच बाहेर पळाले होते. का, ते पुढं कळेल. दगडी देवीपाशी जोगीण कांतार पाला निवडत बसली होती.

"माई, शाप मागं घ्यावा," हेमावती म्हणाली.

"सुटलेला शाप माझ्या हातात नाही, पोरी. उतारा आहे. तो तिघांच्या हातात आहे."

"ते तिघे कोण?"

"बिब्बा, कळलावी आणि बचनाग. तिघंही विषारी. शिपायांची तोंडं सुजली, हात भाजले, म्हणून ही तिघं वाचली. बिब्बा तुझ्या बापाची साल फोडील. कळलावी आत रुतलेलं ओढून बाहेर काढील. बचनाग थंडावलेलं रक्त चालतं करील. तिघं राजीखुशीनं आली तर बाप सुटेल. साल ओठांवरून कपाळाला भिडली, तर मग त्याच्यावर पाखरं बसतील."

"मी आणते तिघांना."

"तोरा बापाचाच आहे," जोगीण म्हणाली आणि तिनं चुटकी वाजवली. झाडीतून एक भारद्वाज उतरला. पिंगट पंख, लालभडक डोळे. "हा वाट दाखवील. बोलतो फार. कानावर घेऊ नकोस."

"मी मोजकंच बोलतो," भारद्वाज म्हणाला आणि उतार लागेपर्यंत थांबला नाही.

पहिलं झाड बिब्ब्याचं. हेमावतीनं संध्याकाळी अक्षता वाहिल्या, आवतण दिलं, आणि सकाळी हात जोडून उभी राहिली.

"किती नेशील?" बिब्ब्यानं विचारलं.

"सुईच्या टोकाला लागेल तेवढं तेल."

"शहाणी आहेस. ने एक फळ."

हेमावतीला वाटलं, झालं काम! तिनं हात लांबवला आणि काळं फळ मुठीत घट्ट धरलं. बिब्बा हाताळायचा तर आधी हाताला खोबरेल चोळायचं असतं, हे तिनं अनंतभटांकडून कितीदा ऐकलं होतं. अनंतभट सांगत, "बिब्ब्याशी ओळख असली तरी सलगी नको." उत्साहाच्या भरात ती नेमकं तेच विसरली. बघता बघता तळहात लाल झाला, फोड आले, आग आग झाली.

"सगळं येतं हो आमच्या राजकन्येला!" भारद्वाज फांदीवर नाचत म्हणाला.

हेमावती लाजेनं लाल झाली. फळ पानात गुंडाळून पदराला बांधलं. पायथ्याच्या वाडीत एका बाईनं तिच्या हातावर ओलं खोबरं वाटून थापलं, तेव्हा कुठं जरा थंडावा आला. तिथून पुढं ती प्रत्येक झाडापुढं जरा जपूनच उभी राहू लागली.

दुसरी कळलावी. कुंपणावर चढलेली, पानांच्या टोकांनी धरून धरून वर गेलेली, आणि फुलं अशी की जणू वेलीला चुलीतल्या ज्वाळा लागल्यात. मुळाशी कंद, नांगराच्या फाळासारखा वाकडा.

"मला लोक घरात ठेवत नाहीत," कळलावी सकाळी म्हणाली. "अडलेल्या बाईला मी मोकळी करते, रुतलेला काटा बाहेर काढते. पण चुकून पोटात गेले तर माणूस वाचत नाही. शिवाय मी जिथं असते तिथं भांडण लागतं. मला भांडण न करता घरापर्यंत नेशील तर येते."

"नेते," हेमावती म्हणाली. तिनं हाताला फडकं गुंडाळलं, कंदाचा एक तुकडा घेतला, उरलेला पुन्हा मातीत पुरला आणि हात ओढ्यावर खसखसून धुतले. मग वाट धरली.

कंद पदरात आला आणि भारद्वाजाला कंठ फुटला. "तुझा बाप खादाड."

हेमावती चालत राहिली.

"गऱ्यांपायी रान बुडवलं. असा राजा जगून तरी काय करणार?"

हेमावतीच्या जिभेवर असे शब्द आले की ते पाखरू पंख टाकून पळालं असतं. तिनं ओठ चावला.

"आणि वेण्याही वाकड्या घालायचा म्हणे!"

हेमावती थबकली. डोळ्यांत पाणी आलं. मग ती शांतपणे म्हणाली, "हो. वाकड्या घालायचा. मला आवडायच्या."

भारद्वाजाची चोच उघडी राहिली. ज्याच्याशी भांडायचं तेच माणूस कबूल होत गेलं, तर भांडणार कशाशी? पुढची सगळी वाट तो निमूटपणे उडत होता. कळलावी पदरात खुदकन हसली.

राहिला बचनाग. तो कड्यावर, धुक्यात, थंडगार दगडांच्या कपारीत. खालच्या उतारावरचे त्याचे सगळे सगेसोयरे शिपायांनी लांब पहारींनी उकरून नेले होते. तेवढ्यात त्यांची तोंडं सुजली आणि ते पळाले, म्हणून कपारीत हा एकटाच उरला होता. निळ्या टोपीसारखी फुलं आणि मान ताठ. हेमावतीनं अक्षता वाहिल्या, रीतसर आवतण दिलं. सकाळी दवानं भिजत ती त्याच्यापुढं गेली.

"येत नाही," बचनाग म्हणाला.

हेमावतीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "माझं काही चुकलं का?"

"तुझं आवतण चोख आहे. पण दुखणं कुणाचं?"

"माझ्या आबासाहेबांचं."

"मग यजमान कुठं आहे? शेजारणीनं लग्नाचं बोलावणं केलं म्हणून कुणी वऱ्हाडी जातो का? वैद्यांचं आम्ही चालवून घेतलं, कारण यजमान निदान घरी हात जोडून बसलेला असायचा. तुझा बाप अजून कुलपाची किल्ली कमरेला लावून बसलाय. ज्यानं न विचारता नेलं, त्यानं येऊन विचारावं."

"ते चालू शकत नाहीत. साल गळ्याला आली असेल."

"ते मला ठाऊक नाही," बचनाग म्हणाला.

भारद्वाज खुरप्यावर येऊन बसला. "राजकन्ये, झाड वीतभर आहे. माती भुसभुशीत आहे. इथं बघायला कोण येतंय?"

हेमावतीनं खुरपं उचललं. खरं सांगायचं तर ते तिनं मातीला लावलंसुद्धा. बाप मरत होता, औषध हाताच्या अंतरावर होतं, आणि एका झाडाच्या मानपानासाठी त्याला मरू द्यायचं? मग तिच्या ध्यानात आलं की शिपायांनीही अशाच मऊ मातीत कुदळ घातली होती, आणि ते विष भरून भरून घरी आलं होतं. असं उपटलेलं हेही मूळ बापाला वाचवणार नव्हतं. तिनं खुरपं फेकून दिलं आणि कडा उतरू लागली. उतरताना ती मोठमोठ्यानं रडत होती, पण पाय कुठं थांबले नाहीत.

राजवाड्यात भीमकेतू सिंहासनात रुतून बसला होता. साल गळ्याशी आली होती.

"आणलंस?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्हालाच न्यायला आले आहे. तुम्ही जाऊन मागायचं."

"भीमकेतू मागत नाही."

"मग भीमकेतूंनी मरावं," हेमावती म्हणाली. दरबार हबकला. "मी तुमच्यासाठी बिब्बा हातावर झेलला. तुमची निंदा ऐकून गप्प बसले. आता तुमच्यासाठी मागणं तेवढं मला करता येत नाही, नाहीतर तेही केलं असतं. मला तुम्ही हवे आहात, आबासाहेब. राजा नसलात तरी चालेल."

हेमावतीनं त्याच्या कमरेची किल्ली काढून घेतली, आणि त्यानं ती काढू दिली. पालखी आणली, तर पहिल्याच उचलीला दांडा मोडला. सालीतला राजा भलताच जड झाला होता. शेवटी सागाचे ओंडके वाहणारा बैलगाडा आणला आणि महाराजांची स्वारी त्याच्यावर आडवी टाकून निघाली. मागून अनंतभट दुधाची चरवी घेऊन, आणि त्यांच्या मागं खजिन्यातल्या मुळ्यांचे गाडे. प्रधानजी पायी चालत होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी गाड्यात बसायची त्यांना लाज वाटली.

सूर्य कलता कलता गाडा मागच्या उतारानं कपारीपाशी आला. वाटेत राजानं आणि प्रधानजींनी पहिल्यांदाच उजाड रान जवळून पाहिलं होतं. खड्डेच खड्डे, आणि कुठं एक हिरवी पात नाही. राजा सगळी वाट आडवा पडून तेच बघत आला होता. त्याला बचनागापुढं टेकवून उभा केला. साल हनुवटीला लागली होती.

सवय वाईट असते. राजा म्हणाला, "ऊठ. मी राजा आहे. चल."

बचनाग हललाही नाही. साल खालच्या ओठावर चढली.

हेमावतीनं अक्षता त्याच्या लाकडी तळहातावर ठेवल्या. बोटं मिटत नव्हती. तिनं आपल्या हातानं तो तळहात झाडाच्या बुंध्याशी उपडा केला. राजानं लेकीच्या तळहाताकडं बघितलं. तिथं बिब्ब्याचे डाग अजून काळे होते. त्यानं ते बराच वेळ बघितले. मग जड झालेल्या ओठांतून, अडखळत, एकेक शब्द ओढून काढावा तसा तो बोलला.

"आमच्या घरी... दुखणं आहे. मीच आणलं. उद्या सकाळी यावं. वंश... मागं ठेवून यावं."

शेवटचा शब्द निघाला आणि दोन्ही ओठ सालीनं मिटले.

सकाळी सगळे कपारीपाशी जमले. साल नाकाच्या शेंड्याला आली होती.

"येतो," बचनाग म्हणाला. "माझ्या मुळाला कालच धाकटं मूळ फुटलंय. ती माझी लेक. मी जुना झालो, मला न्या. तिला मातीत राहू द्या."

हेमावतीनं खुरप्यानं नव्हे, बोटांनी माती उकरली. जुनं मूळ घेतलं, धाकटं जपून पुरलं. अनंतभटांनी मूळ दुधात शिजवून त्याचा माज उतरवला, मग सहाणेवर उगाळलं. त्यातलं तिळाएवढं घेतलं. कळलावीच्या कंदाची एक रेघ ओढली. हाताला खोबरेल चोळून बिब्ब्याचं तेल सुईच्या टोकावर घेतलं. तिन्ही मिळून लेप झाला तो नखावर मावेल एवढा. (ऐकणाऱ्यांनी हे घरी करायला जाऊ नये. अनंतभटांचे केस या कामात पांढरे झाले होते, आणि तरी त्यांचा हात कापत होता.)

"एवढंच?" प्रधानजी पुटपुटले.

"एवढंच," हेमावती म्हणाली. "याच्या दुप्पट लावलं तर आपण सरण रचायला घेऊ."

सुईनं राजाच्या छातीवरच्या सालीला टोचून लेप भरला. सालीला बारीक तडा गेला. तडा पोटावर आला, मांडीवर आला, पायापर्यंत गेला, आणि भाजलेल्या शेंगेचं टरफल निघावं तशी साल सुटून पडली. हात सुटले, गळा सुटला. तोंडावरची साल मात्र हलेना. राजा बोलायला बघे, पण आवाज फुटेना.

वैद्य घाबरले. राजा घाबरला नाही. तो मुळ्यांच्या गाड्याशी गेला, पदर खोचावा तसा अंगरखा खोचला आणि पहिली मुळी उचलून उतारावरच्या खड्ड्यात ठेवली. वर माती लोटली, तळव्यानं थोपटली. मग दुसरी, मग तिसरी. वाळलेली मुळी राजाच्या हातून मातीत गेली की तिला ओल येई. प्रधानजी वाकले, शिपाई वाकले, पण शतावरी कुठली आणि अश्वगंधा कुठली हे राजा प्रत्येक वेळी हेमावतीला खुणेनं विचारी, आणि ती सांगे तिथंच पुरी. पाऊस आला, गेला, थंडी पडली. रान पुन्हा हिरवं झालं. लोकांची दुखणी पुन्हा सुंठ-गुळवेलीनं बरी होऊ लागली. आवतण द्यायला घरोघरचे कर्ते स्वतः जाऊ लागले. राजा मात्र मुकाच होता, सालीच्या फटीतून पेज पीत होता.

शेवटची मुळी सर्पगंधेची. ती मातीत गेली, आणि राजाच्या ओठांवरची साल टचकन तुटून पडली.

सगळे धावले. इतक्या दिवसांनी महाराजांचा शब्द निघणार! प्रधानजींनी हुकूम झेलायला हात पुढं केले, भालदारांनी काठ्या सावरल्या. राजा मातीनं माखलेला, उन्हानं रापलेला, खड्ड्याच्या काठावर बसला होता. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. लेकीकडं बघितलं.

"बाळ," तो म्हणाला, आणि त्याला ते शब्द सापडायला जरा वेळ लागला, "घोटभर पाणी देशील का?"

बिब्ब्यापुढं, कळलावीपुढं, भर दरबारापुढं जिचा आवाज कापला नाही, ती हेमावती रडत ओढ्याकडं धावली. तिनं ओंजळ भरली, बापाच्या ओठांना लावली, आणि निम्मं पाणी तिच्या हुंदक्यांनी सांडलं. उरलेलं राजा प्याला.

त्यांच्या रानाला लाभला तसा गुण तुमच्याआमच्या औषधालाही लाभो.